अविनोचे दोनशे चोपन्न

माझ्या निरोपाला बैल कापायचा असं पालकसभेत ठरायला लागलं, तेव्हा मी ताडकन उठले. "बैल नको," म्हटलं. "मला मुळीच नको."

सभेला हसू फुटलं. कोदूमा गावात त्रुफेना बाईंनी एखादी गोष्ट नको म्हणण्यात नवल नव्हतं. छत्तीस वर्षं मी या शाळेत दुसरं केलंय काय? उशीर नको, गोंगाट नको, मळका गणवेश नको. निम्मी सभा माझ्याच हाताखालून गेलेली, त्यामुळे माझी चेष्टा करणं हा आपला हक्कच आहे असं त्यांना वाटतं.

"बाईंना दातांची काळजी आहे," मागून एक कोळी ओरडला. "मऊ शिजवू की हो बाई!"

"नाहीतर कोंबडी कापा एक," त्याची बायको म्हणाली. "छत्तीस वर्षांच्या नोकरीला कोंबडी! मग शेजारच्या गावात तोंड दाखवायला कोण जाणार? तुम्ही?"

किनाऱ्यावर पोरं सांभाळणारी अविनो दाराजवळ बसली होती. मांडीवर फाटकं जाळं, हातात जाळ्याची सुई. ती सभेला न चुकता येते आणि कधी बोलत नाही. त्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "बाईंच्या मानाचा बैल झालाच पाहिजे. पाणी मी आणते. मागच्या बैलाच्या वेळी पण मीच आणलं होतं."

लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसले. पुढे काय ठरलं ते माझ्या कानांनी ऐकलं असेल, मी ऐकलं नाही.

सभा संपल्यावर ओडेरा सरांनी मला थांबवून घेतलं. आमचे नवे हेडमास्तर, वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. हातात जिल्ह्याच्या कचेरीचं पत्र होतं.

"बाई, किनाऱ्यावरची बालवाडी मंजूर झाली," ते म्हणाले. "पक्की खोली, रोजची आंबील आणि एक पगारी ताई."

"मग चेहरा का असा?"

"ताई आठवी पास हवी. नसेल तर निदान यंदाच्या परीक्षेचा फॉर्म तरी भरलेला हवा. शुक्रवार शेवटचा दिवस आहे. आणि अविनो म्हणते, मी भरणार नाही."

"दुसरी कोणी?"

"किनाऱ्यावर दुसरी आहे कोण? गावात माणूस नसेल तर खोली बाजारात बांधू, असं साहेब म्हणतात. तीन वर्षांची पोरं चार किलोमीटर चालत जाणार आहेत का? ती पुन्हा पाण्याकाठी फिरतील." सरांनी पत्राची घडी घातली. "पाद्रीबाबा सांगून थकले. मी थकलो. तिचं एकच, 'मी नापास झालेली बाई.' तुम्ही तिच्या वर्गशिक्षिका होता. तुमचं ती ऐकेल."

"बघते," मी म्हणाले आणि छत्री विसरून घरी आले.

अविनोची बालवाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी आमच्या बायका ओमेनाच्या होड्यांची वाट बघत बसल्या होत्या. ओमेना म्हणजे सरोवरातली बोटाएवढी मासळी, आमच्या किनाऱ्याचं पोट तिच्यावर चालतं. बायकांची नजर पाण्यावर, आणि मागे तीन वर्षांचं एक पोर गुडघाभर पाण्यात बुडालं. दुसऱ्या दिवशी अविनोने उंबराच्या झाडाभोवती खांब रोवले, त्यांना जुनी जाळी बांधली आणि सगळी पोरं आत घातली. नुसती कोंडून काय ठेवायची, म्हणून ती त्यांना अक्षरं शिकवायला लागली. मग आयांकडून मूठ मूठ पीठ घेऊन आंबील करायला लागली. आता चाळीस पोरं आहेत. माझ्या शाळेत पहिलीला येतात ती अक्षरओळख घेऊन येतात. गेल्या सहा वर्षांत किनाऱ्यावर एकही पोर बुडालेलं नाही.

आणि ही बाई स्वतःला नापास म्हणते. म्हणणारच, कारण तसं तिला मी सांगितलं होतं.

सतरा वर्षांपूर्वी आमचे हेडमास्तर होते ओगुतू सर, आता वारले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सरासरीचं वेड होतं. तेव्हा सगळ्याच शाळांना होतं. आठवीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी काढायची, आणि ज्या शाळेची जास्त ती केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांत, पहिली. पहिल्या शाळेला पालक बैल देत, हेडमास्तरांना बढती मिळे, शिक्षकांना बाजारात लोक स्वतःहून नमस्कार करत. सरासरी वाढवायचे दोन उपाय. एक, सगळ्या मुलांना नीट शिकवायचं. दुसरा, कच्च्या मुलांना सातवीतच बसवून ठेवायचं, म्हणजे ती आठवीच्या परीक्षेला बसतच नाहीत. सरकारने या दुसऱ्या उपायाला मनाई केली होती. तरी सगळे करत होते, आणि आम्ही स्वतःला समजावत होतो की हे मुलांच्याच भल्याचं आहे.

आमच्याकडे पाचशेपैकी अडीचशेच्या खाली असलेल्यांना सातवीतच बसवायचं ठरलं. माझ्या सातवीत तीन मुलगे खाली होते. अविनोला दोनशे चोपन्न होते.

"हिचं काय?" ओगुतू सरांनी यादीवर बोट ठेवलं.

"ती पास आहे सर."

"आज पास आहे. पुढच्या वर्षीचं सांगा. महिन्यातले पंधरा दिवस तरी येते का ती?"

ते खोटं नव्हतं. ओमेनाच्या होड्या काळोख्या रात्री दिवे घेऊन जातात आणि पहाटे परततात. त्या पंधरवड्यात अविनो आईबरोबर किनाऱ्यावर मासळी वाळत घालायची. शाळेत यायची ती दुसऱ्या तासाला, हाताच्या कोपरापर्यंत खवले चिकटलेले. मी तिला दारात उभं करायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "आली बघा मासळीबाजाराची मालकीण." वर्ग हसायचा. ती पण हसायची.

"दोनशेवर घसरेल परीक्षेत," सर म्हणाले. "तिच्यापायी आपला नंबर जाईल."

मी यादीत चौथं नाव लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या पेनने. सर नुसते बोलले होते.

"पण पास झालीय असं सांगून बसवायचं कसं?" मी विचारलं. "तिची आई येईल भांडायला."

"मग सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात वर चढलेल्यांची नावं वाचली. वाचून संपली तेव्हा अविनो उभी राहिली. "बाई, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही," मी म्हणाले. "तू नापास आहेस."

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. ती "हो बाई" म्हणाली. त्या दिवशी फळा पुसायची पाळी तिची होती. ती पुढे आली, फळा पुसला, फडकं बाहेर जाऊन झटकलं, परत खुंटीला लावलं आणि घरी गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. तिची आई डोर्का भांडायला आली नाही. माझी अर्धी भीती तीच होती, ती सुद्धा फुकट गेली.

पुढच्या वर्षी आम्ही केंद्रात पहिले आलो. पालकांनी बैल दिला. घराघरातून एकेक डबा पाणी आणि एकेक लाकूड आणायचं ठरलं होतं. अविनो डोक्यावर पाण्याचा पिवळा डबा घेऊन आली. एका वर्षात ती उंच झाली होती. डबा उतरवून थेट माझ्याकडे आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"अभिनंदन बाई," ती म्हणाली. "माझ्या वर्गाचा पहिला नंबर आला."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं. तो नव्हता. पोरीला खरंच आनंद झाला होता.

आमच्याकडे बैलाच्या उराचा तुकडा ज्याचा मान त्याला देतात. त्या दिवशी तो माझ्या ताटात येणार होता. जेवण वाढायला अजून अवकाश होता, ओगुतू सर भाषण करत होते, आणि माझ्या हातात निकालाचा कागद होता. आमची एकतीस मुलं, सरासरी दोनशे सत्त्याऐंशी. दुसऱ्या शाळेची दोनशे एकोणऐंशी. मी गणिताची शिक्षिका. बोटं गप्प बसेनात. अविनोला परीक्षेला बसू दिलं असतं आणि ती सरांच्या म्हणण्याप्रमाणे दोनशेवर घसरली असती, तर आमची सरासरी दोनशे चौऱ्याऐंशी झाली असती. तरीही आम्ही पहिलेच आलो असतो. पाच गुणांनी.

मी तो हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग ताट हातात घेतलं आणि मानाचा तुकडा लोकांदेखत खाल्ला. खाल्ला नसता तर कोणीतरी कारण विचारलं असतं. त्यानंतर दोन महिन्यांत मला उपमुख्याध्यापिका केलं.

तेव्हापासून गोमांस माझ्या घशाखाली उतरत नाही. घरच्यांना वाटतं, पित्त आहे.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी सकाळी, मी ट्रंक उघडली. भजनांच्या जुन्या पुस्तकात सातवीच्या निकालाचा कागद होता. इतक्या वर्षांत तो फाडावा असं किती वेळा वाटलं, पण धाडस झालं नाही. दाखवायचं धाडसही झालं नाही. घडीवर कागद पिवळा पडला होता, अक्षर मात्र माझं ठणठणीत होतं.

किनाऱ्यावर वाळवण पसरलेलं होतं. पंधरा-वीस बायका जाळ्यांवर मासळी झाडूने उलटीपालटी करत होत्या. जाळीच्या कुंपणात पोरं बसली होती आणि अविनो झाडाच्या बुंध्याशी उभी होती. एक शेंबडं पोर उठून "पाच!" असं ओरडलं. अविनोने विचारलं काय होतं ते मला कळलं नाही, पण ती म्हणाली, "शाब्बास! एक किलो टाळ्या!"

ही तिची पद्धत. जो उभा राहून बोलेल त्याला एक किलो टाळ्या. तीन मोठ्या, तीन बारीक आणि शेवटी एक सणसणीत. पोरांना उत्तर बरोबर की चूक याच्याशी देणंघेणं नसतं, कोणी उभं राहिलं की ती हात सरसावून बसतात.

मला बघून ती कुंपणाबाहेर आली. "या बाई. बैलाचं सांगायला आलात ना? मी आणते म्हटलंय पाणी."

"बैलाचं नाही. फॉर्मचं."

"तुम्हाला पण पाठवलं का सरांनी?" ती हसली. एका रिकाम्या टोपलीवर मला बसवलं आणि स्वतः उभ्यानेच वाळवणावरची मासळी उलटायला लागली. "बाई, बाकीच्यांना माहीत नाही, तुम्हाला तर माहितीये. तुमच्याच हाताखाली नापास झाले ना मी? डोक्यात शिरत नाही माझ्या. काय करणार?"

"चाळीस पोरांना शिकवतेस."

"अक्षरं शिकवते. अक्षरांत नापास कोण होतं? आठवीची परीक्षा म्हणजे गणित आलं, विज्ञान आलं. या वयात सगळ्या गावासमोर पुन्हा आपटू? माझी अपोंडी सहावीत आहे. तिला मी रोज सांगते, अभ्यास कर, नाहीतर आईसारखी बिनडोक राहशील. तिच्यादेखत नापास होऊ?"

"अविनो, झाडू ठेव खाली."

तिने ठेवला नाही. चौदा वर्षांची असताना ठेवला असता.

"तू नापास नव्हतीस," मी म्हणाले.

"कधी?"

"सातवीत. तुला दोनशे चोपन्न होते. अडीचशेला पास होतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, म्हातारीला ऊन लागलंय का ते बघावं तसं. मी कागद पुढे केला. तिने हात कमरेच्या कापडाला पुसले, घडी उलगडली आणि बोट फिरवत फिरवत आपल्या नावाशी थांबली.

"मग मला बसवलं कशाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सरासरी, केंद्र, काळोखा पंधरवडा, ओगुतू सर. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी ओगुतू सरांचं नाव फार वेळा घेतेय. मेलेल्या माणसाच्या आड लपत होते. मग मी म्हणाले, "नाव मी लिहिलं. सरांनी नाही."

"मी शाळा बुडवायची ती खायला लागायचं म्हणून."

"माहीत होतं मला."

"मी परीक्षेला बसले असते तर तुमचा नंबर गेला असता?"

इथे खोटं बोलता आलं असतं. खरं सांगायचं तर, एक क्षण तोंडावर आलंही होतं. "नाही," मी म्हणाले. "तरी पहिलाच आला असता."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"बैल कापला त्या दिवशी."

"मी पाणी आणलं त्या दिवशी."

"हो."

"सोळा वर्षं झाली त्याला."

"सोळा वर्षं," मी म्हणाले.

ती पुन्हा मासळी उलटायला लागली. मी तिथे बसून राहिले. रड, शिव्या दे, झाडू फेकून मार, असं मनात म्हणत होते. काहीतरी झालं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि मला सुटायचंच होतं, हेही तेव्हाच कळलं. दहा पावलांवरच्या बायकांनी बोलणं थांबवलं होतं. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे.

"आई गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं," अविनो म्हणाली. "म्हणाली, तुला शिकवायचं फार होतं मनात, पण देवाने तुला डोकंच दिलं नाही, तू तरी काय करशील. मी म्हटलं, हो आई." तिने झाडू जाळ्यावर आडवा ठेवला. "तिला कोण सांगणार आता?"

मी टोपलीवरून उठले.

"मी चुकले," मी म्हणाले. "माफ कर."

"त्या दिवशी तुम्ही मला हळूच सांगितलं नव्हतं बाई. वर्गासमोर सांगितलं होतं." तिने कागदाची घडी घातली आणि कुंपणाकडे हात केला. "चला. आता पण वर्गासमोर सांगा."

"अगं, ही पोरं... त्यांना काय कळणार?"

"बायकांना कळेल." तिने त्यांना हाक मारली. "या गं सगळ्या! बाईंना काहीतरी सांगायचंय."

बायका आल्या, हात खवल्यांनी माखलेले. ज्या कोळ्याची बायको सभेत कोंबडीवरून बोलली होती, ती पण होती. मी वाकून जाळीखालून आत गेले आणि झाडाशी उभी राहिले. चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. छत्तीस वर्षं मी वर्गासमोर उभी राहिलेय, पण त्या दिवशी मी एका हाताने झाड धरलं.

"डोर्काची मुलगी अविनो," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "डोर्काची मुलगी अविनो सातवीत पास झाली होती. पाचशेपैकी दोनशे चोपन्न. नापास आहेस असं तिला मी खोटं सांगितलं. शाळेचा नंबर यावा म्हणून."

कोळ्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. आणि मग पोरांनी हात सरसावले. मी उभी राहून बोलले होते ना! तीन मोठ्या, तीन बारीक आणि शेवटी एक सणसणीत. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. अविनोनेही नाही. तिच्या दोन्ही हातांत तो कागद होता.

"पुरे," ती पोरांना म्हणाली. "वाट्या काढा, आंबिलीची वेळ झाली." पोरं एकमेकांवर पडत वाट्या शोधायला लागली. ती पातेल्याकडे गेली, झाकण काढलं आणि पळी हातात घेतली.

"बाई," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. "शुक्रवारी फॉर्म भरायला माझ्याबरोबर यायचं. तिथला कारकून विचारेल, इतकी वर्षं कुठे होतीस म्हणून. त्याला तुम्ही सांगायचं."

"सांगेन," मी म्हणाले.

ती वाढत राहिली. रांग माझ्याजवळून जात होती, म्हणून मी बाजूला झाले.